मॅचच्या दिवशी पोलीस, गेट आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल मला पेठेतनं मिळाला. नोकरीनिमित्त इंग्लंडला आल्यावर शनिवारी ट्रेन पकडून परगावी आपल्या टीमची मॅच बघायला जायचं व्यसन लागलं. गावाकडचे भाऊबंद आणि इकडे नव्याने आलेली मराठी मुलं मला दर हंगामात तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी वकील नाही. पोलिसांशी माझं वैरही नाही, माझा सख्खा चुलता खात्यातून निवृत्त झालाय.

मॅच बघायला जाणाऱ्या माणसाचा पोलिसांशी संबंध येतोच कसा?

घरच्या मैदानावर फारसा येत नाही. परगावी गेलात की येतो. स्टेशनवर उतरलात की फलाटाच्या टोकाला पिवळी जाकिटं उभी असतात. तुम्ही कुठल्या पबमध्ये बसायचं, कुठल्या रस्त्याने चालायचं, कधी निघायचं, हे पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं. इथले पोलीस प्रत्येक सामन्याला धोक्याप्रमाणे श्रेणी देतात. काही सामने पोलिसांशिवाय पार पडतात, काहींना गावभर घोडे फिरतात. कार्डिफ आणि स्वान्सी या वेल्समधल्या दोन शेजाऱ्यांच्या सामन्याला तर पाहुण्या प्रेक्षकांनी क्लबच्या ठरलेल्या बसनेच यायचं आणि त्याच बसने परतायचं, असा नियम वर्षानुवर्षं होता. तुमचं घर स्टेडियमपासून दहा मिनिटांवर असलं तरी आधी चाळीसएक मैल लांब जाऊन बसमध्ये बसा.

केटलिंग म्हणजे काय? तुमच्यावर आलीय का वेळ?

पोलिसांनी चारी बाजूंनी साखळी करायची आणि आतल्या लोकांना सोडेपर्यंत तिथंच कोंडून ठेवायचं, याला केटलिंग म्हणतात. नावात किटली असली तरी चहा मिळत नाही.

आलीय ना वेळ. उत्तरेकडचं एक शहर, डिसेंबरची संध्याकाळ, आम्ही दोन-शून्यने हरलेलो. बहिणीचा मुलगा सुट्टीला आला होता, वय वर्षं नऊ, त्याला बरोबर नेलं होतं. स्टेशनच्या अलीकडच्या वळणावर आम्हा दोनेकशे लोकांना थांबवलं. पुढे घोडे, मागे व्हॅन, डाव्या हाताला बंद दुकानांची शटरं. घोडा इतका जवळ की त्याच्या डोळ्यांवरच्या प्लास्टिकच्या पडद्यावर साठलेलं दव दिसत होतं. लिदीचा आणि कुठल्यातरी गाडीवरच्या तळलेल्या कांद्याचा वास एकत्र येत होता. ‘दहा मिनिटं’ हे उत्तर मी चार वेळा ऐकलं, आणि चारही वेळा ते वेगळ्या पोलिसाने दिलं. भाच्याने विचारलं, “मामा, आपण हरलो म्हणून उभं केलंय का?” त्याला लघवीला लागली होती. शेवटी एका पोलीस बाईंनी त्याला साखळीबाहेर काढून समोरच्या पबमध्ये नेऊन आणलं. मला मात्र सोबत जाऊ दिलं नाही. सव्वा तासाने सोडलं, तोवर आमची गाडी गेलेली. कुणी काही फेकलं नव्हतं, कुणाला अटकही झाली नाही. का थांबवलं, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

हे कायदेशीर असतं का?

कधी असतं, कधी नसतं. २००१ साली लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसमध्ये आंदोलकांना तासन् तास कोंडलं होतं. ते प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये निकाल पोलिसांच्या बाजूने लागला. गर्दीत माणसाला काही बंधनं सोसावी लागतात हे सांगताना न्यायालयाने फुटबॉल मॅचचंही उदाहरण दिलंय. पण गंभीर इजा किंवा नुकसान टाळण्यासाठी ते अपरिहार्य असलं पाहिजे आणि गरजेपुरतंच असलं पाहिजे, अशी अटही घातली. ही अट रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला कितपत माहीत असते, ते विचारू नका.

पण फुटबॉलवाले दंगा करतातच ना? उगाच का पोलीस लागतात?

करतात. हे लपवून लिहायचं असतं तर लिहायलाच बसलो नसतो. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे समर्थक युव्हेंटसच्या लोकांवर धावून गेले, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. फेब्रुवारी २००७ मध्ये इटलीतल्या कटानियात सामन्याच्या वेळी झालेल्या दंगलीत फिलिप्पो रॅचिती हा पोलीस निरीक्षक मारला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच देशात, महामार्गावरच्या एका थांब्यावर पोलिसाने रस्त्यापलीकडून झाडलेल्या गोळीने गाब्रिएले सांद्री हा लाझिओचा समर्थक गाडीत बसल्याजागी गेला. त्या पोलिसाला पुढे शिक्षा झाली.

प्रश्न दंगा होतो की नाही हा नाहीच. पन्नास गुंडांचा बंदोबस्त करताना उरलेल्या तीस हजारांना गुंडच धरायचं का, हा आहे. आणि एकदा सगळ्यांना गुंड धरलं की कुलूप, कुंपण, लाठी, धूर या सगळ्याला सुरक्षा म्हणता येतं. माणसं मरतात ती तिथं.

हिल्सबरो हे नाव सतत ऐकतो. नेमकं काय झालं होतं?

१५ एप्रिल १९८९, शेफील्ड. एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या बाजूला लिव्हरपूलच्या लोकांसाठी मोजकीच फिरती फाटकं होती आणि बाहेर गर्दी तुंबली. दुपारी दोन बावन्नला बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफिल्ड यांनी ‘सी’ गेट उघडायला सांगितलं. लोक समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ उभ्याने बघायच्या स्टँडच्या मधल्या दोन कुंपणबंद कप्प्यांत गेले. ते आधीच खचाखच भरलेले होते. बोगद्याचं तोंड बंद करून लोकांना बाजूच्या कप्प्यांत वळवायचं, एवढंच काम होतं. ते कुणी केलं नाही. पुढे लोखंडी कुंपण, कारण प्रेक्षक मैदानात घुसतील ही भीती. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबवला.

यातलं एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. प्रेक्षक जाहिरातींचे फलक उखडून त्यांचे स्ट्रेचर करून माणसं वाहून नेतायत, आणि मैदानाच्या मध्यावर पोलिसांची रांग उभी आहे, दोन टीमचे समर्थक भिडू नयेत म्हणून. समोर माणसं मरत होती, पण आदेश भांडण अडवायचा होता.

पुढचं तर त्याहून वाईट. गेट प्रेक्षकांनी जबरदस्तीने उघडलं, असं डकनफिल्ड यांनी सामना थांबल्यावर काही मिनिटांतच फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितलं. धडधडीत खोटं. मेलेल्यांच्या, अगदी लहान मुलांच्याही रक्तातली दारू तपासली. २०१२ च्या स्वतंत्र समितीला आढळलं की पोलिसांच्या १६४ जबाबांमध्ये मोठे बदल केले होते आणि त्यातल्या ११६ मधून पोलिसांविरुद्धचा मजकूर काढून टाकला होता. २०१६ मध्ये ज्यूरीने सांगितलं, हे मृत्यू बेकायदा घडवले गेले आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता. २७ वर्षं लागली. मृतांचा आकडा आज ९७ आहे, कारण जखमी झालेला एकजण २०२१ मध्ये गेला. या मृत्यूंबद्दल एकाही पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झालेली नाही. डकनफिल्ड २०१९ मध्ये निर्दोष सुटले.

अश्रुधुराने डोळे चुरचुरतात, एवढंच ना?

मोकळ्या रस्त्यावर तेवढंच. स्टेडियममध्ये नाही, कारण धुरापासून पळायचं तर एकाच दिशेने पळता येतं, गेटकडे. आणि गेट बंद असतं.

लिमा, २४ मे १९६४. पेरू विरुद्ध अर्जेंटिना, ऑलिंपिकची पात्रता फेरी. पेरूचा बरोबरीचा गोल नाकारला, दोघेजण मैदानात धावले, पोलिसांनी त्यांना झोडपलं, लोक चिडले, पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला. लोक जिन्याने खाली पळाले तर तळाची पोलादी शटरं बंद. सरकारी आकडा ३२८. बहुतेक गुदमरून गेले.

अक्रा, घाना, ९ मे २००१. हार्ट्स ऑफ ओक विरुद्ध असांते कोटोको. काही लोकांनी खुर्च्या तोडून फेकल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गेटं बंद होती. १२६ मेले.

मलांग, इंडोनेशिया, १ ऑक्टोबर २०२२. आरेमा स्वतःच्या मैदानावर पर्सेबायाकडून ३-२ ने हरला. पाहुण्यांचे समर्थक आणलेलेच नव्हते, म्हणजे दोन गटांत मारामारी व्हायची शक्यताच नव्हती. तरी आरेमाचे लोक मैदानात उतरल्यावर पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी डागली, तीही स्टँडच्या दिशेने, जिथं बायकापोरं बसूनच होती. १३५ मृत्यू. ३८,००० ची परवानगी असलेल्या जागेत ४२,००० तिकिटं विकली होती. सामना रात्रीऐवजी दुपारी घ्या असं पोलिसांनीच आधी सुचवलं होतं, ते ऐकलं गेलं नाही. हे पोलिसांच्या बाजूने सांगायलाच हवं.

फिफाच्या सुरक्षा नियमांत स्टेडियममध्ये असा वायू बाळगायला आणि वापरायला बंदी आहे. खटल्यात मात्र धूर वाऱ्याने मैदानाच्या मध्यापर्यंत जाऊन वर उडाला, स्टँडपर्यंत गेला नाही, असं म्हणत न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये दोन पोलीस अधिकाऱ्यांना सोडलं. वरच्या न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल फिरवला. मिळाली ती शिक्षा दोन-अडीच वर्षांची.

लिमा ते मलांग ५८ वर्षं. धूर तोच, गेट तेच.

हे मागासलेल्या व्यवस्थांचं झालं. युरोपात असं होत नसेल.

पॅरिसला जाऊन आलेल्या लिव्हरपूलवाल्याला हे विचारा. २८ मे २०२२, चॅम्पियन्स लीगची फायनल, स्ताद द फ्रान्स. एका रेल्वेमार्गावर संप होता म्हणून लोक दुसऱ्या मार्गाने आले, आणि तिकडून येणारी सगळी गर्दी महामार्गाखालच्या अरुंद वाटेत, तपासणीच्या एकाच नाक्यावर अडकली. तिकिटं हातात घेऊन लोक ताटकळले. त्यांच्यावर मिरपूड फवारा आणि अश्रुधूर. त्यात मुलं होती, व्हीलचेअरवरची माणसं होती. सामना अर्ध्या तासाहून उशिरा सुरू झाला.

फ्रान्सचे तेव्हाचे गृहमंत्री जेराल्ड दारमानँ यांनी लगेच जाहीर केलं की विनातिकीट किंवा बनावट तिकिटाचे ३० ते ४० हजार इंग्रज आले होते. फाटकांवर प्रत्यक्षात सापडलेली बनावट तिकिटं २,५८९. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेनेच नेमलेल्या समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये लिहिलं की कुणी मेलं नाही हेच आश्चर्य. पोलिसांनी आखणी करताना हिल्सबरोला प्रेक्षकांचा दंगा समजून घेतलं होतं, असंही त्यात नमूद आहे. म्हणजे १९८९ चं खोटं २०२२ च्या बंदोबस्ताच्या कागदावर जिवंत होतं. आणि स्टेडियमचं सीसीटीव्ही चित्रण? कुणी वेळेत मागितलं नाही म्हणून सात दिवसांनी आपोआप पुसलं गेलं.

इंग्लंडमध्ये पोलीस मला गावातून हाकलू शकतात का?

हो. २०१४ च्या कायद्याप्रमाणे इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिली असेल तर पोलीस तुम्हाला एखादा भाग ४८ तासांपर्यंत सोडायला सांगू शकतात. सहसा ते लेखी द्यावं लागतं. तो कागद मागा आणि जपून ठेवा. सांगूनही गेला नाहीत तर तो गुन्हा.

याच्या आधीच्या कायद्याचा एक किस्सा इथे सगळे सांगतात. नोव्हेंबर २००८, स्टोक सिटीचे ऐंशीएक समर्थक मँचेस्टरजवळच्या अर्लममध्ये एका पबमध्ये शांतपणे बसले होते. पोलिसांनी सगळ्यांना बसमध्ये घालून, मॅच न बघू देता, थेट स्टोकला परत धाडलं. बसमध्ये कपात लघवी करायला लावली, असं लोकांनी सांगितलं. पोलिसांना पुढे भरपाई द्यावी लागली.

बॅनिंग ऑर्डर म्हणजे?

न्यायालयाने घातलेली स्टेडियमबंदी. कमीत कमी तीन वर्षं, तुरुंगवास झाला असेल तर सहा ते दहा. टीम परदेशात खेळायला गेली की पासपोर्टही जमा करावा लागतो. गुन्हा सिद्ध झाला नसतानाही पोलीस अर्ज करून ती मागू शकतात, आणि ती मिळते. व्हिसावर असाल तर याकडे हसण्यावारी नेऊ नका.

गाणं म्हटलं म्हणून पकडतात?

वांशिक शिवीगाळ केली तर पकडतात आणि पकडावंच. स्कॉटलंडने २०१२ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन ‘आक्षेपार्ह’ वागण्यालाच, गाण्यासकट, गुन्हा केलं. मार्च २०१३ मध्ये ग्लासगोत त्या कायद्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या सेल्टिक क्लबच्या समर्थकांनाच पोलिसांनी रस्त्यात कोंडलं. २०१८ मध्ये संसदेने तो कायदा गुंडाळला.

पोलिसांचा खर्च कोण देतं?

क्लबच्या ताब्यातल्या जागेपुरता क्लब, बाहेरच्या रस्त्यांचा करदाता. लीड्स युनायटेड यावरून पोलिसांविरुद्ध कोर्टात गेला आणि जिंकला.

मग कुठं नीट झालंय का?

पोर्तुगाल, युरो २००४. इंग्लंडचे समर्थक हजारोंनी येणार म्हणून सगळे धास्तावलेले. लिस्बन, पोर्तोसारख्या शहरांतल्या पोलिसांनी क्लिफर्ड स्टॉट वगैरे मानसशास्त्रज्ञांचं ऐकलं. साध्या गणवेशातले पोलीस दोघादोघांनी फिरायचे, बोलायचे, फोटो काढून द्यायचे. दंगलविरोधी तुकडी दोन गल्ल्या पलीकडे, गाडीत, नजरेआड. कुणी वात्रटपणा केला तर त्याच माणसाला उचलायचं, शेजाऱ्याला नाही. या शहरांत इंग्लंडच्या लोकांनी दंगा केला नाही. अल्गार्व किनाऱ्यावर अल्बुफेराला मात्र बंदोबस्त वेगळ्या दलाकडे होता, त्यांनी जुनीच पद्धत चालवली, आणि तिथे दोनदा दंगल झाली. देश तोच, प्रेक्षक तेच, बिअरही तीच.

स्टॉट यांच्या म्हणण्याचा गाभा मला तालमीत वाढल्यामुळे चटकन पटला: सरसकट सगळ्यांना झोडपलं की कालपर्यंत एकमेकांना न ओळखणारे लोक ‘आपण’ होतात, आणि त्यांतल्या भांडखोराला अचानक पाठिंबा मिळतो.

भारतात काय? आपल्याकडे क्रिकेट आहे, हे कुठं होतंय.

कोलकात्याला विचारा. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षक गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये, आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरच्या अत्याचारानंतर, याच दोन टीमचा ड्युरँड कपमधला सामना सुरक्षेच्या कारणाने रद्द केला. १८ तारखेला दोन्हीकडचे समर्थक, मोहमेडनचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले. जमावबंदी होती, लाठीमार झाला. सामन्याला पुरेसे पोलीस नाहीत म्हटलं होतं. सामना नसताना मात्र भरपूर निघाले.

आपल्याकडे फुटबॉलसाठी वेगळा कायदा नाही. जमावबंदीचं जुनं १४४ कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय, आणि पाच किंवा अधिक लोकांचा बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार कलम १४८ मध्ये आहे. अटक झाली तर कारण सांगावं लागतं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं.

आणि कोल्हापूर?

शाहू स्टेडियमवर पेठापेठांची ईर्षा आहे, हुल्लडबाजी झालीय, लाठीही चाललीय. दोन्ही बाजूंनी शहाणपणाचा ठेका घेऊ नये. मला मात्र आठवतो माझा मामा. सामना कितीही रंगात असो, संपायला पाच मिनिटं उरली की माझी कॉलर धरून उठवायचा. “गेटात चेंगरायचंय व्हय?” त्या पाच मिनिटांत हुकलेले गोल मी अजून मोजतो. हिल्सबरोबद्दल वाचलं तेव्हा समजलं, तो गोल बघत नव्हता, गेट बघत होता.

मला अडवलं तर काय करू?

हात दिसतील असे ठेवा, आवाज चढवू नका. ‘मला अटक झालीय का? मी जाऊ शकतो का?’ हे दोनच प्रश्न विचारा. इंग्लंडमध्ये झडती घेताना पोलिसांना कारण सांगावं लागतं, आणि केवळ झडतीसाठी नाव-पत्ता देणं सहसा बंधनकारक नसतं. सार्वजनिक जागी चित्रण करता येतं, पण मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरू नका. खांद्यावरचा नंबर लिहून घ्या, वेळ लिहा. तक्रार आधी त्या पोलीस दलाकडे जाते. फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन मदत करते. आणि घाईघाईत ‘समज’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. तो गुन्ह्याचा कबुलीजबाब असतो.

पहिल्यांदाच परगावी चाललोय, बरोबर काय ठेवू?

चार्ज केलेला फोन, तिकीट, शेवटच्या नव्हे तर त्याआधीच्या गाडीचं आरक्षण, आणि मुलं असतील तर निघण्याआधी स्वच्छतागृह. पाण्याच्या बाटलीचं झाकण फाटकावर काढून घेतात, फेकून मारू नये म्हणून. मग उघडी बाटली हातात धरून नव्वद मिनिटं बसावं लागतं. आमच्यातले जुने लोक एक जादा झाकण मोज्यात घालून नेतात.